टुटू : परीचा फ्रॉक नव्हे, पायांचा पोशाख



लहान मुलींच्या कपड्यांच्या दुकानात जाऊन 'टुटू फ्रॉक' मागा. दुकानदार लगेच गुलाबी जाळीचा, फुगीर, चमकी लावलेला फ्रॉक काढून देईल. वाढदिवस, फोटो, फॅन्सी ड्रेस स्पर्धा, झालं काम! पण टुटू हा मुळात वाढदिवसाचा फ्रॉक नाहीच. बॅले नावाचा जो युरोपीय नृत्यप्रकार आहे, त्यातल्या नर्तकींचा तो कामाचा पोशाख आहे. पैलवानाचा लंगोट जसा कुस्तीसाठी, तसा टुटू नाचासाठी.

परिसर अभ्यासात अन्न, वस्त्र, निवारा आपण दरवर्षी शिकवतो. त्यात वस्त्र म्हटलं की सुती, लोकरी, रेशमी एवढंच सांगून आपण पुढे जातो. कपड्याला इतिहास असतो, कपडा बदलतो आणि त्यामागे कारणं असतात, हे मुलांपर्यंत पोहोचतच नाही. टुटू त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. त्याचा सुमारे तीनशे वर्षांचा प्रवास वाचताना माझं एक मत पक्कं झालं. पोशाख आधी शरीराचा असावा, मग डोळ्यांचा. शरीराला काय करायचंय हे बघून पोशाख बदलला, तेव्हा कला पुढे गेली. आणि नुसतं 'दिसतं कसं' एवढंच बघितलं, तेव्हा त्याची किंमत पोशाख घालणारीनेच मोजली.

आता मुळापासून बघू.

जमिनीवर लोळणारा घेर

बॅले वाढला तो राजेरजवाड्यांच्या दरबारात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. त्यानेच १६६१ मध्ये नृत्याची राजअकादमी स्थापन केली. सुरुवातीला रंगमंचावर स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी पहिल्यांदा नाचल्या त्या १६८१ मध्ये.

त्या काय घालून नाचायच्या? दरबारी बायका घालत तेच. कंबर आवळणारी चोळी, कमरेच्या दोन्ही बाजूंना सांगाडा लावून फुगवलेला जड झगा, तोही जमिनीपर्यंत, आणि पायात टाचेचे बूट. अशा कपड्यात माणूस चालेल, झुकेल, वळेल. उडी कशी मारणार? आणि मारलीच, तरी ती कोणाला दिसणार? पुरुष नर्तकांचे पाय मात्र मोकळे होते. त्यामुळे उड्या, गिरक्या, पायांची चपळाई हे सगळं त्यांच्याच वाट्याला गेलं. म्हणजे बायकांना ते जमत नव्हतं असं नाही. कपडा जमू देत नव्हता.

मग आली मारी कामार्गो. १७२६ मध्ये ती पॅरिसच्या ऑपेरात पहिल्यांदा नाचली. तिचं पदलालित्य फार वेगवान होतं. हवेत उडी मारून दोन्ही पाय एकमेकांवरून झरझर फिरवण्यात ती पटाईत होती. हे लोकांना दिसावं म्हणून तिने झगा घोट्याच्या वर घेतला. बुटांच्या टाचाही तिनेच काढल्या असं सांगतात. आज आपल्याला हसू येईल, पण घोटे दिसले म्हणून तेव्हा केवढी चर्चा झाली!

तिच्याच काळात मारी साले नावाची दुसरी नर्तकी होती. तिला चपळाईपेक्षा अभिनयाची ओढ होती. १७३४ मध्ये लंडनमध्ये तिने 'पिग्मॅलियन' सादर केलं. ते करताना फुगवलेला सांगाडा काढून टाकला, साधा मलमलचा झगा घातला आणि केस मोकळे सोडले. दोघींची कारणं वेगळी होती. एकीला पाय दाखवायचे होते, दुसरीला भाव. पण दोघींनी एकच प्रश्न विचारला : मला जे करायचंय, ते या कपड्यात होतंय का?

तालिओनीचा पांढरा झगा

आज आपण ज्याला टुटू म्हणतो त्याचा पहिला अवतार १२ मार्च १८३२ रोजी दिसला. त्या दिवशी पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीड' हे बॅले पहिल्यांदा झालं. नर्तकी होती मारी तालिओनी. नृत्यरचना तिच्या वडिलांची, फिलिप्पो तालिओनी यांची. सिल्फीड म्हणजे वाऱ्यात राहणारी, हाताला न लागणारी अप्सरा. जमिनीला पाय टेकतो की नाही असं वाटायला हवं. मग ते दाखवायचं कसं?

उत्तर दोन गोष्टींतून आलं. एक म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहणं. ही करामत तालिओनीच्या आधीही काहीजणी करत, पण तिने ती करामत म्हणून न करता भूमिकेचा भाग म्हणून केली. त्यासाठी वडिलांनी तिच्याकडून रोज तासन् तास कष्टाचा सराव करून घेतला होता. आणि तिच्या सपाता आजच्यासारख्या पुढून टणक नव्हत्या बरं का! साध्या मऊ साटिनच्या, कडेने दोऱ्याने रफू करून घट्ट केलेल्या. सगळा भार बोटांवर आणि पोटरीवर.

दुसरी गोष्ट म्हणजे झगा. वरती अंगासरशी चोळी आणि खाली घंटेसारखा पसरलेला, पोटरीपर्यंत येणारा पांढरा, पातळ कापडाचा थरावर थर असलेला घेर. उडी मारून खाली येताना तो घेर थोडा मागे, हवेत रेंगाळतो. त्यामुळे नर्तकी खरोखर आहे त्यापेक्षा हलकी भासते. या लांब प्रकाराला आजही 'रोमँटिक टुटू' म्हणतात. १८४१ च्या 'जिझेल'मध्ये तोच आहे.

हा घेर फुलायला कारखान्यांचाही हात आहे. ट्यूल म्हणजे बारीक षट्कोनी भोकांची जाळी. लेहंग्याच्या आत फुगवटा यावा म्हणून आपल्याकडे शिंपी जो कॅनकॅन लावतात, त्याच घराण्यातली. फ्रान्समधल्या ट्यूल गावावरून तिला नाव पडलं. पूर्वी अशी जाळी हाताने विणत, त्यामुळे ती महाग असे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॉन हीथकोट या इंग्रज माणसाने ती विणणारं यंत्र बनवलं. त्यामुळे हाताने जाळी विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. पुढे १८१६ मध्ये लफबरो गावातल्या त्याच्या कारखान्यावर रात्री हल्ला करून यंत्रं फोडली गेली. मग त्याने कारखाना टिव्हर्टनला हलवला. अप्सरेच्या हलक्या घेरामागे हा एवढा जड इतिहास आहे.

जाळी आणि गॅसचे दिवे

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. मुलांना सांगताना जपून सांगावा, पण शिक्षकांनी वाचावाच.

पॅरिसच्या ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले. त्या उजेडात पांढरा झगा चांदण्यासारखा चमके. पण हे दिवे म्हणजे उघडी ज्योत. मंचाच्या पुढच्या कडेला आणि विंगेतही. आणि नर्तकीच्या अंगावर काय? पातळ सुती जाळीचे थर, थरांमध्ये भरपूर हवा. पेटायला याहून सोपी वस्तू शोधून सापडणार नाही.

डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टर या तरुण नर्तकीचा झगा प्रयोग चालू असताना पेटला. तीन दिवसांनी ती गेली. सप्टेंबर १८६१ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका थिएटरात कपडे बदलण्याच्या खोलीत आग लागली. एकीला वाचवायला दुसरी धावली, तिचाही झगा पेटला. किमान सहा नर्तकी गेल्या. त्यात एकाच घरातल्या बहिणी होत्या.

आणि मग एमा लिव्री. जन्म १८४२ चा. सोळाव्या वर्षी तिने 'ला सिल्फीड' केलं. निवृत्त झालेली तालिओनी तिला बघून इतकी खूश झाली की तिची गुरू बनली आणि १८६० मध्ये खास तिच्यासाठी 'ल पापियों' म्हणजे 'फुलपाखरू' हे बॅले रचलं. त्यातल्या फुलपाखराचे पंख मशालीच्या ज्योतीने करपतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी दुसऱ्या एका ऑपेराच्या तालमीत एमाच्या झग्याचा घेर गॅसच्या दिव्याजवळ गेला आणि क्षणात पेटला. आठ महिने ती वेदनेत होती. जुलै १८६३ मध्ये ती गेली. वय अवघं वीस.

इथे थांबून विचार करायला हवा. कारण उपाय तेव्हा उपलब्ध होता! कार्तरों नावाच्या माणसाने कापड विशिष्ट द्रावणात बुडवून ते पेटू नये अशी पद्धत काढली होती. नाट्यगृहातलं सामान आणि कपडे असे करून घ्यावेत असा सरकारी हुकूमही १८५९ मध्ये निघाला होता. पण त्या कापडाची अडचण अशी की ते कडक व्हायचं, मळकट दिसायचं, घेराचा हलकेपणा जायचा. एमाने ते घालायला नकार दिला, तोही लेखी.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी 'बघा, हट्ट केला आणि जीव गमावला' अशा सुरात सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. अठरा वर्षांच्या मुलीची सगळी कमाई, सगळं नाव 'ती हवेसारखी हलकी दिसते' यावर उभं आहे. तिला तुम्ही विचारता, 'कडक मळकट झगा घालतेस का?' ती काय सांगणार? तिने नकार दिला असेल, पण तो नकार मान्य कोणी केला? थिएटर कोणाचं होतं? दिवे कोणी लावले होते? जाळी न लावता ज्योती उघड्या कोणी ठेवल्या होत्या? जोखीम तिची, तिकिटाचे पैसे दुसऱ्यांचे. सुरक्षेचा निर्णय ज्याच्या अंगावर कपडा आहे त्याच्या हौसेवर सोडायचा नसतो. तो मोठ्यांनी, जबाबदार माणसांनी घ्यायचा असतो.

गुडघ्याच्या वर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेर आखूड होत गेला. चित्रकार देगाच्या चित्रांत तो गुडघ्याच्या आसपास दिसतो. १८८१ मध्ये त्याने 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' हे मेणाचं शिल्प मांडलं. त्याला खऱ्या कापडाचा घेर नेसवला होता. त्यासाठी उभी राहिलेली मुलगी, मारी व्हान गोथेम, ऑपेराच्या शाळेत शिकायची. तिची आई लोकांचे कपडे धुवायची. म्हणजे या परीसारख्या दिसणाऱ्या मुली कष्टकरी घरातल्या होत्या.

'टुटू' हा शब्दही साधारण याच काळातला. फ्रेंच भाषेत लहान मुलांशी बोलताना ढुंगणाला जो बोबडा शब्द वापरतात, त्यावरून तो आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. वर्गात हे सांगितलंत तर पाच मिनिटं हसण्यात जातील, ती तयारी ठेवा!

घेर आखूड का झाला याचं एक उत्तर असं देतात की बघणाऱ्या श्रीमंत पुरुषांना पाय बघायचे होते. यात तथ्य आहेच. पॅरिसमध्ये वर्गणीदार पुरुषांना नर्तकींच्या सरावाच्या दालनात थेट प्रवेश असे. त्यांच्या नजरेचा आणि पैशांचा दबाव त्या मुलींवर होता. हे लपवायचं कारण नाही.

पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे नर्तकींवर अन्याय. कारण घेर सगळ्यात आखूड झाला तो तंत्र सगळ्यात अवघड झालं तेव्हा. इटलीच्या नर्तकी रशियात गेल्या आणि त्यांनी गिरक्यांचा कहर केला. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेलेल्या व्हिर्जिनिया झुकीने जुना लांब झगा घालायला नकार देऊन आखूड मागितला असं सांगतात. १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने सलग ३२ गिरक्या घेतल्या. एका पायाच्या टोकावर उभं राहायचं आणि दुसरा पाय प्रत्येक गिरकीला कमरेइतका बाजूला झटकायचा. जरा कल्पना करा, हे पोटरीपर्यंतच्या झग्यात करायचं! घेर पायात गुंडाळला जाईल आणि गिरकी नेमकी कशी घेतली ते कोणाला कळणारही नाही.

म्हणून टुटू कमरेपासून आडवा बाहेर आला. आत घट्ट चड्डी, तिच्यावर जाळीच्या झालरी. सगळ्यात खाली छोटी, वर क्रमाने मोठी, असे १० ते १२ थर. खालचे थर वरच्यांना उचलून धरतात. काहींमध्ये तारेचं कडंही असतं, मग तो पराठ्यासारखा सपाट राहतो. मागे चेन न लावता हुक लावतात, तेही दोन-तीन रांगांत. कारण तोच टुटू पुढच्या प्रयोगाला दुसरी नर्तकी घालणार असते. आणि घेर खाली झुकू नये म्हणून तो उलटा टांगून किंवा आडवा ठेवतात. ही सगळी शिंप्यांची अक्कल. त्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत फारशी ठळक छापत नाहीत, हा वेगळा लेखाचा विषय.

तार काढली, मग टुटूच काढला

विसाव्या शतकातही हाच प्रश्न चालू राहिला. तारेच्या टुटूची एक अडचण होती. एक घेर दुसऱ्याला लागला की सगळेच हेलकावतात. बार्बरा कारिन्स्का या वेशभूषाकार बाईंनी न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बालनशीनसाठी काम करताना १९५० मध्ये तार काढून टाकली. थर कमी केले, जाळी सैल टाचली. पावडर लावायच्या पफसारखा मऊ टुटू तयार झाला. आणि त्याच बालनशीनने १९५१ मध्ये 'द फोर टेंपरामेंट्स'मधला सगळा भपकेबाज पोशाख उतरवून नर्तकांना सरावाच्या साध्या कपड्यांत मंचावर आणलं. टुटू नसला तरी बॅले बॅलेच राहिला!

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईशीही जोडलेला आहे. 'द डाइंग स्वान' म्हणजे मरणाऱ्या हंसाच्या नृत्यामुळे जगभर गाजलेली आना पावलोवा १९२८ मध्ये मुंबईत आली होती. पिसांनी सजवलेला तिचा टुटू प्रसिद्धच आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचा कार्यक्रम पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात दोघी एकाच बोटीवर होत्या, तिथे मैत्री झाली. रुक्मिणीदेवी काही काळ बॅले शिकल्या. पण 'तुमच्या देशातल्या नृत्याकडे बघा' असं सुचवलं तेही पावलोवानेच. रुक्मिणीदेवी भरतनाट्यमकडे वळल्या आणि १९३६ मध्ये मद्रासला कलाक्षेत्र सुरू झालं. तिथे त्यांनी पोशाखाचाही बारकाईने विचार केला. त्यांनी टुटूची नक्कल केली नाही. आज आपण भरतनाट्यमचा जो शिवलेला पोशाख बघतो, त्यात गुडघे बाजूला वाकले की पुढच्या चुण्या पंख्यासारख्या उघडतात. नाच वेगळा, म्हणून कपडा वेगळा. पण प्रश्न तोच, कामार्गोचा.

गुलाबी रंग कोणाचा?

बॅलेच्या फिकट गुलाबी टाइट्स आणि सपाता आपण 'नेहमीच्या' समजतो. त्या गोऱ्या कातडीच्या जवळ जाणाऱ्या आहेत. हेतू हा की कंबरेपासून बोटांपर्यंत पाय एकसलग दिसावा. मग सावळ्या किंवा काळ्या नर्तकीने तेच गुलाबी घातलं तर तिची रेषा कमरेलाच तुटते. आर्थर मिचेल यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या संस्थेने १९७० च्या दशकात प्रत्येकीच्या कातडीच्या रंगाच्या टाइट्स आणि सपाता सुरू केल्या. पण तशा सपाता बाजारात मिळत नव्हत्या. नर्तकी वर्षानुवर्षं चेहऱ्याचा मेकअप सपातांना चोपडत राहिल्या. लंडनच्या फ्रीड कंपनीने 'बॅले ब्लॅक' या संस्थेसोबत तपकिरी सपाता आणल्या तेव्हा साल होतं २०१८! 'परंपरा' म्हणून आपण जे स्वीकारतो, ते कोणाचं शरीर समोर ठेवून ठरलं होतं, हे विचारायची सवय मुलांना लागायला हवी ती यासाठी.

मग आपण काय करायचं?

स्नेहसंमेलन जवळ आलं की नाच बसवणं आलं आणि कपडे भाड्याने आणणंही आलं. आपण गाण्यावरून, रंगावरून कपडे ठरवतो. माझं म्हणणं, कपडे आणल्यावर आधी तीन गोष्टी तपासा.

१. हा घालून मूल पूर्ण नाच करू शकतं का? बसणं, उडी, गिरकी? रंगीत तालमीच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी बघा.

२. हा पेटेल का? आजची जाळी बहुतेक नायलॉनची असते. ती पेटली की वितळून कातडीला चिकटते. दीपनृत्यात अशा घेराच्या मुलींच्या हातात खऱ्या पेटत्या पणत्या देऊ नका. बॅटरीच्या पणत्या स्वस्त मिळतात. 'पण खऱ्याच छान दिसतात' असं कोणी म्हणालं, तर त्यांना एमा लिव्रीची गोष्ट सांगा.

३. हा सगळ्यांना शोभतो का, की एकाच अंगकाठीच्या, एकाच रंगाच्या मुलीला डोळ्यांपुढे ठेवून निवडलाय?

वर्गात चौथी-पाचवीच्या मुलांना असे प्रश्न विचारता येतील : पोलीस, शेतकरी, खेळाडू, नर्तकी यांचे कपडे वेगवेगळे का असतात? आजी जे नेसते ते घालून पळायची शर्यत कशी धावाल? तुमचा गणवेश तुम्हाला ठरवायचा असता तर त्यात काय बदल केला असता, आणि का? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं तर जपून ठेवा. मुली खिसे मागतील बघा. हसण्यावारी नेऊ नका. कपड्याबद्दल कामाच्या बाजूने केलेला तो अगदी योग्य विचार आहे.

आणि एखादी मुलगी वाढदिवसाला गुलाबी टुटू फ्रॉक घालून आली, तर तिला जरूर म्हणा, 'छान दिसतेस गं!' पण त्यासोबत हेही सांगा, 'हा फ्रॉक असा आखूड का आहे माहितीये? कारण कोणाला तरी यात खूप उंच उडी मारायची होती.'